श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेवरचा ऑनलाइन क्लास : ५ पैकी ४ स्टार

बाबा आर्मीत होते, १९८८ ला श्रीलंकेत, पण घरी त्यावर चकार शब्द नाही, म्हणून मी हा तीन रविवारचा क्लास लावला. फी ६०० रुपये, शिकवणारे पुण्यातले रिटायर्ड कर्नल, सगळं मराठीत. पैसे वसूल झाले.

सरांनी सुरुवातच अशी केली की फौज नक्की कशासाठी पाठवली ते आधी सांगा. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला तेव्हा काम होतं तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायची आणि ते व श्रीलंकेचं सरकार या दोघांच्या मधे उभं राहायचं, आणि ऑक्टोबरात त्याच फौजेला एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढायला लावलं, ज्यांना आधी आपल्याच गुप्तचर संस्थेनं, रॉनं, ट्रेनिंग दिलेलं. मग सरांनी जाफना युनिव्हर्सिटीचा नकाशा मोठा केला आणि फुटबॉल ग्राउंड दाखवलं. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जण रात्री हेलिकॉप्टरनं इथे उतरले, २९ मारले गेले. त्यानंतर बराच वेळ कोणीच बोललं नाही.

दुसरा रविवार सगळ्यात भारी. परराष्ट्र खातं, कोलंबोतले हायकमिशनर दीक्षित, लष्करप्रमुख सुंदरजी, रॉ, प्रत्येकाचं वेगळं चाललेलं आणि 'काम झालं' कधी म्हणायचं हेच दिल्लीनं नीट ठरवलं नव्हतं, हे सरांनी एकेक तारीख घेऊन दाखवलं. ८८ च्या शेवटी निवडणूक घेऊन श्रीलंकेच्या उत्तर-पूर्व भागात पेरुमाळ या तमिळ नेत्याचं प्रांतिक सरकार बसवलं ते आपल्या फौजेच्या जिवावर, ८९ ला श्रीलंकेत नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा आले ते म्हणाले चालते व्हा, वर्षाअखेरीस दिल्लीतही सरकार बदललं आणि मार्च ९० ला शेवटची तुकडी परत. हजाराच्या वर जवान गेले हो, कशासाठी?

एक स्टार कापला कारण तिथल्या तमिळ लोकांचं काय झालं हे फार घाईत उरकलं. ऑक्टोबर ८७ मधे आपल्या फौजेच्या कारवाईत जाफना हॉस्पिटलमधले डॉक्टर, नर्स, पेशंट मारले गेले, त्याला फक्त दोन मिनिटं दिली. त्याला अख्खा तास हवा होता.

तिसऱ्या रविवारी महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनच्या मेजर परमेश्वरन यांचं नाव निघालं, २५ नोव्हेंबर १९८७, परमवीर चक्र. बाबा दारात उभे होते, आत येऊन बसले आणि म्हणाले आवाज वाढव.

पुढच्या बॅचला त्यांचंही नाव दिलंय.