अभ्यासिकेसाठी स्वस्तातलं ओपन सोर्स डिव्हाइस: जुना मोबाइल, रास्पबेरी पाय की पाइनफोन?

गावातल्या अभ्यासिकेसाठी हातात मावणारी चार-पाच डिव्हाइस घ्यायचीत, पैसे मंडळाच्या वर्गणीतले, आणि सॉफ्टवेअर ओपन सोर्सच (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) पाहिजे, कारण दोन वर्षांनी कंपनीनं अपडेट बंद केलं की पोरांनी काय करायचं. असा विचार चालू असेल तर कोल्हापुरात बसून बघण्यासारखे पर्याय तीनच: सेकंडहँड अँड्रॉइडवर लिनेजओएस (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायची अँड्रॉइडचीच खुली आवृत्ती), रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर), नाहीतर पाइनफोन (लिनक्स ह्या खुल्या सिस्टीमवर चालणारा मोबाइल). माझं मत आधीच सांगून टाकतो, जुना मोबाइल घ्या. पण कुठला पण जुना मोबाइल नाही, ते पुढं येतंयच.

आधी थोडं मागचं, कारण ही आयडिया आपल्याकडं लई जुनी आहे. बेंगळुरूच्या आयआयएससी ह्या विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी सिम्प्युटर नावाचा हातात मावणारा कॉम्प्युटर काढला, लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषेत मजकूर वाचून दाखवणारा. २००४ मध्ये अमिडा नावाचं मॉडेल बाजारात आलं, किंमत दहा हजाराच्या आसपासपासून पुढं, आणि विकले गेले जेमतेम काही हजार. मग २०११ ला आकाश टॅब्लेट आला, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, दाबून दाबून बोट दुखेल असला रेझिस्टिव्ह टच. स्वस्त होता हो, पण वापरणार कोण? सिम्प्युटरची एक गोष्ट मात्र आज पण पटते: एक डिव्हाइस आणि प्रत्येकाचं स्वतःचं स्मार्ट कार्ड, म्हणजे दहा जणांत एक मशीन चालायचं. मी तिन्ही पर्याय ह्याच हिशोबानं बघतो, दहा पोरांत एक चालेल का आणि बिघडलं तर आपल्या भागात कोण दुरुस्त करेल.

रास्पबेरी पाय बघितला की पहिल्यांदा सगळेच भाळतात. झीरो २ डब्ल्यू २०२१ ला आला तेव्हा १५ डॉलर किंमत होती, चार कोर, ५१२ एमबी रॅम, एवढंसं बोर्ड. पण ते नुसतं बोर्ड आहे राव, त्याला स्क्रीन पाहिजे, बॅटरी पाहिजे, चार्जिंगचं सर्किट, केस, मेमरी कार्ड, हे सगळं जोडता जोडता खर्च मोबाइलच्या पुढं जातो आणि हातात काय येतं तर वायरी लोंबकळणारा डबा जो पोरगं एकदा पाडलं की संपला. आणि लाइट अचानक गेली तर कार्ड करप्ट व्हायची भीती वेगळीच, पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीकडं लाइटचं काय होतं ते तिकडच्यांना विचारा. हँडहेल्ड म्हणून पाय नको. हायस्कूलमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेली पोरं असतील आणि त्यांना सेन्सर-बिन्सर जोडून शिकायचंच असेल तर मात्र मोबाइल त्याच्या जवळपास पण येत नाही.

पाइनफोन मला स्वतःला आवडतो. लिनक्स खरोखरचं, मोबियन टाका नाहीतर पोस्टमार्केटओएस (दोन्ही मोबाइलसाठीची लिनक्स), बॅटरी हातानं काढता येते आणि सॅमसंग जे७ ची बॅटरी त्यात बसते. पण मागवायचा परदेशातून, शिपिंग अधिक कस्टम, प्रोसेसर मंद, आणि डिस्प्ले फुटला तर इथला रिपेअरिंगवाला तुमच्या तोंडाकडं बघत बसणार. स्वतःपुरता छंद म्हणून घ्या, अभ्यासिकेला नको.

आता जुना मोबाइल. स्क्रीन, बॅटरी, वायफाय, स्पीकर सगळं आधीच एका ठिकाणी, डिस्प्लेचा कॉम्बो (काच आणि स्क्रीन एकत्र) राजारामपुरी-शाहूपुरीकडं विचारला तर चालत्या मॉडेलचा मिळून जातो. पण घ्यायच्या आधी मॉडेल लिनेजओएसच्या साइटवर बघायचं, कारण विवो, ओप्पोच्या बऱ्याच फोनचा बूटलोडर (फोन चालू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडतच नाही, म्हणजे दुसरी सिस्टीम टाकता येत नाही, मग कितीपण स्वस्त असला तरी आपल्या काय कामाचा. शाओमीचा उघडतो पण अकाउंट जोडून कधी कधी सात दिवस थांबवतात. वनप्लस ६ आणि पोको एफ१, दोन्ही २०१८ चे, स्नॅपड्रॅगन ८४५ वाले, ह्यांच्यावर लिनेजओएस पण चालतं आणि उद्या वाटलं तर पोस्टमार्केटओएस पण टाकता येतं. विकणाऱ्याकडून त्याचं गूगल अकाउंट समोर काढून घ्या, नाहीतर रिसेट केल्यावर लॉक बसतो. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) घ्या आणि संचार साथी ह्या सरकारी साइटवर तपासा, चोरीचा निघाला तर मंडळाचं नाव खराब.

लिनेजओएसमध्ये एकाच फोनवर वेगवेगळे युजर करता येतात, म्हणजे सिम्प्युटरचं ते कार्ड इथं फुकटात मिळालं. एफ-ड्रॉइड ह्या ओपन सोर्स ॲपच्या दुकानातनं किविक्स टाकलं की मराठी विकिपीडिया बिननेटचा, टायपिंगला इंडिक कीबोर्ड, वाचून दाखवायला ईस्पीक एनजी, आवाज रोबोटसारखा आहे पण मराठी बोलतं. वाईट बाजू पण आहे: बँकेची काही ॲप असल्या फोनवर चालायला नखरे करतात (अभ्यासिकेत तसंही नकोच), आणि आतले मोडेम (नेटवर्क पकडणारा भाग) आणि कॅमेऱ्याचे ड्रायव्हर कंपनीचेच राहतात, त्यामुळं शंभर टक्के ओपन म्हणता येणार नाही. मला चालतं. ज्याला तत्त्वाचं पडलंय त्यानं पाइनफोनच घ्यावा, अर्थात त्याचा पण मोडेम पूर्ण खुला नाहीच.

बजेट थोडं जास्त असेल तर चार मोबाइल घेऊन सोबत एक पाय ४ सर्व्हर म्हणून ठेवा, त्यावर कोलिब्री (नेटशिवाय चालणारं अभ्यासाचं सॉफ्टवेअर) टाका, व्हिडिओ आणि प्रश्नसंच पायवर राहतात आणि फोन वायफायनं तिथनं ओढतात, नेटची गरज फक्त पहिल्यांदा भरताना, ते काम कोल्हापुरात येऊन चांगल्या लाइनवर उरकायचं. पायला छोटा यूपीएस लावा, राउटरसाठी मिळतो तो यूपीएस चालत नाही कधी कधी, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपियर लागतं ते डब्यावर बघून घ्या. बजेट तेवढं नसेल तर पाय सोडा, त्याच पैशात पाचवा फोन आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या घेऊन ठेवा.