स्टेडियमच्या खुर्च्या घेताना मंडळाचे ५,०७,९८० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

मी आमच्या कबड्डी मंडळाचा खजिनदार आहे. हे लिहायला लाज वाटतेय, सहा महिने गावात कुणाशी धड बोललो नाही, पण परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळाला आलेलं कोटेशन बघितलं, तेच फोटो, तोच रेट, फक्त फर्मचं नाव वेगळं, आणि मग गप्प बसवेना.

आमच्या मैदानाला सिमेंटच्या पाच पायऱ्या आहेत. आधी पाइप आणि फळ्यांची भाड्याची गॅलरी लावायचा विचार होता, पण मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला ज्युनियर नॅशनल कबड्डीत गॅलरी कोसळून शंभरावर लोक जखमी झाले होते ते सगळ्यांच्या डोक्यात होतं, म्हणून पायऱ्यांवरच बकेट खुर्च्या बोल्टने पक्क्या करायचं ठरलं. तो निर्णय बरोबरच होता, आजही म्हणतो.

३०० खुर्च्या, १,४५० रुपये नग, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,१३,३००. बाकीच्यांचे रेट १,९०० च्या पुढं होते. आता लोक म्हणतात स्वस्ताला भुललात. अरे, मंडळाकडं वर्गणीचे होतेच ५ लाख २० हजार, त्यात बचत गटाच्या बायकांनी दिलेले पैसे पण होते, जास्त आणणार कुठून?

खुर्च्या विकणाऱ्यानं सॅम्पल आणलं. जाड, गुळगुळीत, आम्ही तिघं आळीपाळीनं वर उभे राहिलो, हललं नाही. व्हर्जिन दाणा, म्हणजे कोरं प्लास्टिक आहे, उन्हानं खराब होऊ नये म्हणून यूव्ही स्टॅबिलायझर घातलंय, दहा वर्षं उन्हात काही होत नाही म्हणाला. मी म्हटलं सॅम्पल इथंच ठेवा, माल आला की जुळवून घेऊ. तर म्हणतो, "दादा, उद्या दुसऱ्या साइटला दाखवायचंय, मालाबरोबर परत आणतो." आणि मी हो म्हटलं. ती खुर्ची मीच उचलून त्याच्या गाडीत ठेवली. रात्री झोप लागत नाही तेव्हा हेच दिसतं. तिथंच ओळखायला पाहिजे होतं. सॅम्पल नेणारा माणूस तोच माल देणार नसतो, सॅम्पलवर दोघांच्या सह्या करून ते ऑफिसात कुलपात ठेवा, नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

६० टक्के ॲडव्हान्स, ३,०७,९८० रुपये, आरटीजीएस केले. खातं फर्मच्या नावावर नव्हतं, एका माणसाच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणे फर्मचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय. स्पर्धा रविवारी आणि टेम्पो आला शुक्रवारी रात्री साडेनऊला. ड्रायव्हर म्हणे बाकीचे पैसे आल्याशिवाय माल उतरवायचा नाही असं मालकानं सांगितलंय. संघ निघाले होते, पत्रिका वाटल्या होत्या, काय करणार होतो? उभ्या उभ्या २ लाख पाठवले. उतरवून मोजल्या तर २४० खुर्च्या, ६० "उद्याच्या गाडीत". ती गाडी अजून यायचीय.

कोटेशनमध्ये वजन २ किलो २०० ग्रॅम लिहिलेलं. नंतर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर १ किलो १५० भरली. काटा आधी आणायला पाहिजे होता, तुम्ही टेम्पोपाशीच आणा, दहा खुर्च्या तरी तोला. एप्रिलमध्ये बसणाऱ्याच्या पँटला निळी पावडर लागायला लागली, मेमध्ये बोल्टच्या भोकापासून चिरा गेल्या, एका आजोबांची खुर्ची पाठीकडून तुटली आणि मनगटाला चार टाके पडले. रिसायकल दाणा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला माल होता, यूव्ही वगैरे काही नाही.

पोलीस स्टेशनला पाच वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब नाहीत. मग माल आलाय ना, मग फसवणूक कसली, हा सिव्हिल मॅटर. मग पैसे ज्या शहरात गेले तिथं जा. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता गुन्ह्याची नोंद, कुठंही होते, नवीन कायद्यात लिहिलंय, ते दाखवलं तर हवालदार म्हणे आम्हाला कायदा शिकवता का. साधा अर्ज घेतला, पोच सुद्धा भांडून घ्यावी लागली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे लगेच करायला पाहिजे होता. अहो, लगेच कळलं असतं तर पैसे दिले असते का? बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर आधीच रद्द झालेला, म्हणजे ७८,३०० रुपये टॅक्स म्हणून लावले तेही खोटेच. जीएसटी ऑफिसात सांगितलं, ऑनलाइन तक्रार टाका. टाकली, उत्तर नाही. सरकारचा टॅक्स बुडवलाय तरी त्यांना काही वाटत नाही, मग आमच्या पैशांचं कुणाला पडलंय? एवढं सगळं करून वर मंडळातलेच दोघं मला विचारतात, तुला कमिशन किती मिळालं. एक रुपया घेतला नाही, पासबुक मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवलंय.

जीएसटी नंबर पोर्टलवर बघायला दोन मिनिटं लागतात, ॲडव्हान्सच्या आधी बघा. आणि त्यानं आधी जिथं खुर्च्या बसवल्यात त्या मैदानावर स्वतः जा, तेही दोन उन्हाळे झालेल्या, फोटोवर जाऊ नका.

सोमवारी एसपी ऑफिसला निघालोय. कोटेशन, आरटीजीएसच्या पावत्या, त्या रात्रीचा टेम्पोचा फोटो सगळं फाईलला लावलंय. तुटलेली खुर्ची पण सोबत नेतोय.