सोलापूरहून सुदासरीला: माळढोकासाठी केलेली एक सहल

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर चार हिवाळे हेलपाटे घालूनही काळवीट आणि लांडग्यापलीकडे काही पदरी पडले नाही, म्हणून यंदा जानेवारीत माळढोक पक्ष्यासाठी थेट जैसलमेर गाठायचे ठरवले आणि सोलापुरातल्याच एका सहल कंपनीकडे सहा दिवसांचे पैसे भरले. कंपनीचे नाव येथे देत नाही; बरेवाईट मात्र सांगतो.

जोधपूरपर्यंतची रेल्वे, पुढची गाडी आणि मुक्कामाच्या खोल्या यांना नावे ठेवण्याजोगे काही नव्हते. जेवणही ठीक होते (दाल-बाटीवर शेंगाचटणी आम्ही घरची घेतली, तो दोष आमच्या जिभेचा).

खोट आहे ती वेळापत्रकात. डेझर्ट नॅशनल पार्क हे जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले 3,162 चौरस किलोमीटरचे क्षेत्र 1980 साली घोषित झाले. राजस्थानचा राज्यपक्षी असलेला माळढोक, म्हणजे तिकडचा गोडावण, तेथे वावरतो तो वाळूच्या टेकड्यांवर नव्हे, तर सेवण गवताच्या सपाट कुरणांत. असे असूनही वाळवंटासाठी राखलेल्या दोन दिवसांपैकी दीड दिवस सम या गावच्या वाळूच्या टेकड्या, उंटाची रपेट आणि रात्रीचे कर्कश नाचगाणे यांत गेला. पार्कातल्या सुदासरीच्या कुरणाला एकच सकाळ उरली, तीही हॉटेलातल्या नाश्त्यापायी उशिरा सुरू झाली.

त्या सकाळचे सोने केले ते स्थानिक वाटाड्याने. एका ठिकाणी जीप थांबवून त्याने मातीने बुजलेले एक बीळ दाखवले; थंडीत सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, आतून तोंड लिंपून घेतो, म्हणून वरून तेथे काही आहे असे वाटतही नाही. मग खेजडीपलीकडे, म्हणजे आपल्या शमीच्या झाडापलीकडे, गवतातून आधी एक पांढरी मान वर आली, तिच्यावरची काळी टोपी दिसली आणि जीपमधली कुजबुज आपोआप थांबली. परतताना त्याने विजेच्या तारांकडे बोट दाखवले. या पक्ष्याला समोरचे कमी दिसते आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही, त्यामुळे तो तारांवर आदळून मरतो. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर, घालत असल्याने झालेली तूट भरून निघणे अवघड असते, असे त्याने समजावून सांगितले.

जैसलमेरजवळच्या आकलचे सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचे दगड झालेले लाकूड मात्र वीस मिनिटांत उरकण्यात आले.

परतल्यावर तक्रार केली, तेव्हा "लोकांना वाळूच हवी असते," असे उत्तर मिळाले. ज्यांना पक्षी पाहायचे आहेत त्यांनी पैसे भरण्यापूर्वीच सुदासरीच्या दोन सकाळी लेखी मागून घ्याव्यात आणि दुर्बीण स्वतःची न्यावी. आम्ही चौदा जण होतो आणि कंपनीची दुर्बीण एकच होती.