साएमिदोरी: आठ महिने रोज प्यायल्यानंतर

गेल्या मे महिन्यात दक्षिण जपानमधील कागोशिमाच्या नव्या हंगामातील साएमिदोरी या हिरव्या चहाच्या वाणाचे १०० ग्रॅमचे पाकीट घेतले, त्याआधी टोकियोत राहून सात वर्षे मी केवळ याबुकिताच पीत आलो होतो, आणि जपानी हिरवा चहा म्हटला की आधी तुरट व मागाहून गोड अशीच चव असायची, असे धरून चाललो होतो. याबुकिता हे वाण शिझुओकाच्या सुगियामा हिकोसाबुरो यांनी १९०८ मध्ये निवडले आणि आजही जपानमधील निम्म्याहून अधिक चहाबागा त्याच्याच आहेत. त्यामुळे माझा समज अगदीच निराधार नव्हता.

साएमिदोरी ही याबुकिताचीच लेक. कागोशिमातील माकुराझाकी येथे १९६९ मध्ये याबुकिता आणि आसात्सुयु यांचा संकर झाला व १९९० मध्ये वाणाची नोंदणी झाली. आसात्सुयुला जपानी लोक 'नैसर्गिक ग्योकुरो' म्हणतात, कारण झाडांवर सावली न धरताही त्यात सावलीत वाढवलेल्या ग्योकुरो या चहासारखा मऊ गोडवा उतरतो, आणि तो गुण लेकीत पुरेपूर आला आहे.

माझे प्रमाण ५ ग्रॅम पाने, ७० अंशांचे २०० मिलिलिटर पाणी आणि ४० सेकंद असे आहे. कपात उतरतो तो गडद पोपटी, किंचित गढूळ चहा, आणि कोवळे मटार उकडल्यावर त्या पाण्याला येते तशी गोडसर चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. एकदा कामावर जाण्याच्या घाईत उकळते पाणी थेट ओतले. याबुकिता असता तर तो मोरीत ओतावा लागला असता, पण साएमिदोरीत तुरटपणा मुळातच कमी असल्याने तो कप पिण्याजोगा राहिला.

मात्र सुगंधाच्या बाबतीत लेक आईच्या जवळपासही जात नाही. याबुकिताचे झाकण उघडताच ताज्या गवताचा वास येतो, हिचा वास नाक कपाशी नेल्याशिवाय कळत नाही, आणि पिठले-भाकरीनंतर तर ती पार बुडून जाते. त्याच पानांच्या तिसऱ्या पाण्याला निव्वळ रंग उरतो. माझे पाकीट जास्त वाफवलेल्या, म्हणजे फुकामुशी पद्धतीच्या चहाचे असल्याने त्यातील भुकटीने क्यूसूची, म्हणजे जपानी चहादाणीची, मातीची जाळी तुंबते, चहा थेंबथेंब उतरतो आणि तोवर आत कडू होतो. शेवटी बारीक पोलादी जाळीची क्यूसू घ्यावी लागली.

सप्टेंबरात दुसऱ्या दुकानातून मागवलेल्या पाकिटावर वाणाचे नाव ठळक होते, तोडणीचा हंगाम मात्र कुठेच नव्हता. चहा राठ निघाला. दुसऱ्या तोडणीचा असावा. तेव्हापासून हंगाम छापलेला नसेल तर मी पाकीट घेत नाही, मग वाण कोणतेही असो.

किंमत याबुकिताच्या दीडपट पडते. साएमिदोरीला कोंब लवकर फुटतात, म्हणून थंड भागात गोठणाऱ्या दहिवराची भीती अधिक आणि उबदार कागोशिमा तिला मानवते. सध्या सकाळी हिची दोन पाणी आणि जेवणानंतर याबुकिता अशी वाटणी झाली आहे, आणि फ्रिजमधल्या डब्यातील उरलेली पाने एप्रिलअखेर नवा माल येईपर्यंत पुरवायची आहेत.