जेरिकोची लिथोग्राफ प्रिंट: चित्र एक नंबर, फ्रेमिंग बेकार
खडेबाजारातल्या एका फ्रेमवाल्याकडं घेतली, अर्थात नवी छापील कॉपी, ओरिजिनल १८२१ चं. फ्रेंच चित्रकार जेरिको लंडनला गेलता तवाचं. थेम्सकाठच्या अॅडेल्फी धक्क्याच्या अंधाऱ्या कमानीत जाडजूड घोडे आत चाललेत, सगळ्यांच्या पाठी आपल्याकडं, आणि बघितलं की रविवार पेठेत पोती उतरवून दमून परतणारे हमालच आठवतात की ओ. लिथोग्राफ म्हणजे तेव्हा चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढून छापायचे, त्या खडूचा रवाळ काळा रंग कॉपीतपण बरा उतरलाय. पण फ्रेमवाल्यानं खालची नाव छापलेली पट्टीच कापून टाकली! विचारलं तर म्हणतो, फ्रेममध्ये बसत नव्हती. प्रिंट घ्या, फ्रेम दुसरीकडं करा.