गोळ्या की कॉपर टी? गाव आणि शहराचं गणित वेगळं

गर्भनिरोधक गोळ्या रोज आठवणीने घ्यायच्या, हीच खरी गोची. न चुकता घेतल्या तर वर्षभरात 100 जणींत 1 पेक्षा कमी जणींना दिवस जातात, पण प्रत्यक्षात विसराविसरी होते आणि आकडा 7 च्या आसपास जातो. शहरात मेडिकल खालीच असतं, पाकीट संपलं की नवीन, शिवाय पाळी नियमित येते, रक्तस्राव कमी होतो, म्हणून बऱ्याच जणींना गोळ्याच बऱ्या वाटतात. खेड्यात तेच पाकीट घरच्यांच्या नजरेआड डब्यात लपवायचं, संपलं की गाडी पकडून जायचं, तोवर दोन-तीन दिवस चुकलेच!

कॉपर टी, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायचं तांब्याचं छोटं साधन, एकदा बसवली की 10 वर्षं टेन्शन नाही (380ए या प्रकारची असेल तर), आणि कुणाला कळतही नाही. पण सुरुवातीचे 3 ते 6 महिने पाळीत जास्त अंगावरून जातं, पोट दुखतं, आधीच रक्त कमी असेल तर जड जातं. ती वर सरकून काळजात जाते ही मात्र शुद्ध थाप. मला विचाराल तर दवाखाना लांब असेल तिला कॉपर टीच बरी, फक्त काढून द्यायलाही कुणीतरी पाहिजे ना, नुसती बसवून मोकळं होणं काय कामाचं. आणि गुप्तरोग दोन्हींनी टळत नाहीत, त्याला कंडोमच.