चोंदलेलं नाक: थेंब बरे की मिठाचं पाणी?

नाक शेंबडाने भरतं म्हणून बंद होतं, असं समजून मी वर्षानुवर्षं शिंकरत बसायचो. खरं तर चोंदण्यात मोठा वाटा सुजेचा. आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाटच अरुंद होते. आडवं पडलं की त्रास वाढतो तो त्यामुळेच.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब याच रक्तवाहिन्या आकसवतात. पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा! पहाटेची गाडी पकडायची असेल, झोप हवीच असेल, तर त्यांना तोड नाही.

पण माझं मन फिरलं ते एका बाटलीमुळे. तीन दिवसांच्या सर्दीसाठी आणलेली ती बाटली तीन आठवडे उशाशी राहिली. पहाटे तीनला नाक बंद होऊन जाग यायची आणि दिवा न लावताच हात उशीखाली जायचा. सर्दी कधीच ओसरली होती. थेंबांचा असर उतरला की अस्तर पुन्हा सुजायचं, आणि मी पुन्हा थेंब घालायचो. डॉक्टरांनी उलगडून सांगितलं तेव्हा कळलं. सुटका करून घेताना आधी एका नाकपुडीत थेंब बंद केले, ती सुटल्यावर दुसरीत. ते दिवस फार वाईट गेले.

मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर त्याची अशी सवय लागत नाही. लिटरभर पाण्याला 9 ग्रॅम मीठ घातलं तर झोंबतही नाही. मीठ कमी पडलं की मात्र कपाळापर्यंत कळ जाते. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यावं, नळाचं थेट नको. खटाटोप आहेच. धुतल्यावर तासाभराने बुटाची नाडी बांधायला वाकलो की नाकातून पाणी टपकतं. शिवाय नाक ठार बंद असेल तर पाणी एका नाकपुडीतून दुसरीत जातच नाही. अशा वेळी मीही आधी थेंब घालतो.

प्रत्येकाचं नाक वेगळं, त्यामुळे माझंच खरं असं म्हणणार नाही. रक्तदाब असेल तर थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. ॲलर्जीने बारमाही चोंदत असेल, तर त्यांच्याकडे स्टिरॉइड स्प्रेबद्दलही विचारावं. त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात.

मी रोज सकाळी मिठाचं पाणीच वापरतो. थेंबांची बाटली घरात आहे, पण औषधांच्या डब्यात. वापरायला काढली की त्या दिवसाची तारीख लेबलवर पेनाने लिहितो, आणि तीन दिवस झाले की ती परत डब्यात.